तीस मार्चचे बेचाळीस चेक

मी एक जुना, बारा आकडी कॅल्क्युलेटर आहे आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा समजूतदार असतात. मोडकी खुर्ची, फाटकी छत्री, सगळ्या कशा सुस्कारे टाकत, कोणालाही न दुखावता बोलतात. मला ते जमणार नाही. पुण्यातल्या एका बिल्डरच्या कचेरीत मी बावीस वर्षं बेरजा केल्या. त्यातली एकही चुकली नाही. तरीही माझ्याच काचेवर उमटलेले आकडे दाखवून माणसं फसवली गेली.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते बुधवार पेठेतलं दुकान. तिथल्या काचेच्या कपाटात मी सात महिने बसून होतो. एका दुपारी पद्मजाबाई आल्या. त्यांना वारज्यातल्या एका बांधकाम कंपनीत हिशेब सांभाळायची नोकरी नुकतीच लागली होती. मला उलटंपालटं करून बघत त्यांनी विचारलं, "हा टिकेल ना चार-पाच वर्षं?" दुकानदार वर न बघता म्हणाला, "बाई, तुमची नोकरी किती टिकेल हे मी विचारलं का?" पद्मजाबाईंना हसू आलं. त्यांनी बिल कंपनीच्या नावावर करून घेतलं आणि मला पर्समध्ये टाकलं.

माझ्या पोटात एक बारीक बॅटरी आहे आणि कपाळावर उजेडावर चालणारी काळी पट्टी आहे. उजेड पडला की मी जागा होतो. अंधारात मला झोप लागते. एवढं सांगून ठेवतो, कारण पुढे मला बराच काळ अंधारात ठेवण्यात आलं.

पहिली काही वर्षं फार सुखाची गेली. कंपनीचे मालक तेव्हा जयसिंगराव होते. वारज्यात आमची पहिली स्कीम उभी राहिली, मग कात्रजला दुसरी. टेबलावर संगणक आला तरी जयसिंगरावांचा विश्वास माझ्यावरच. संगणकाने छापलेला कागद हातात घेऊन ते पद्मजाबाईंपुढे येऊन बसत आणि म्हणत, "ताई, एकदा तुमच्या डब्यावर करून दाखवा." मला डबा म्हटल्याचं तेव्हा वाईट वाटत नसे. दर महिन्याच्या दहा तारखेला ठेकेदारांचे पैसे दिले जात. एखाद्या महिन्यात जमणार नसेल तर जयसिंगराव स्वतः फोन करून तसं सांगत. समोरचा माणूस चिडे, पण त्याला खरं काय ते कळलेलं असे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर माझा राग तुम्हाला कळणार नाही. कंपनीने जे पैसे वर्षाच्या आत कोणाला तरी द्यायचे असतात, त्यांना चालू देणी म्हणतात. सिमेंटवाल्याचं बिल, खिडक्या बसवणाऱ्याची मजुरी, बँकेचा हप्ता, ही सगळी चालू देणी. आणि ज्यांनी घरासाठी पैसे भरलेत पण ज्यांना अजून किल्ली मिळालेली नाही, त्यांचे पैसेसुद्धा देणंच. लोकांना वाटतं, बुकिंगचे पैसे आले म्हणजे बिल्डर श्रीमंत झाला. तो श्रीमंत वगैरे काही झालेला नसतो. तो तुमचं घर देणं लागत असतो, इतकंच.

जयसिंगराव गेले आणि त्यांचे चिरंजीव विश्वजीतसाहेब केबिनमध्ये बसू लागले. कचेरीला काचेच्या भिंती आल्या, कॉफीचं यंत्र आलं. खराडीत मोठी स्कीम करायची ठरली, कारण तिथे आयटीतली मंडळी घरं घेतात. माझी बटणं एव्हाना गुळगुळीत झाली होती. आठाचं बटण जरा जोर लावून दाबावं लागे. पण पद्मजाबाई मलाच वापरत. नव्या पोरांनी थट्टा केली तर म्हणत, "तुमचा संगणक बंद पडला की तुम्ही चहाला जाता. माझं काम चालू असतं."

त्यानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये ती गोष्ट सुरू झाली. तीस तारखेला विश्वजीतसाहेब बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, सगळ्या कॉन्ट्रॅक्टर्सचे चेक काढा. डेट आजची टाका."

"साहेब, खात्यात आज पैसे आहेत खरे," पद्मजाबाई म्हणाल्या, "पण पुढच्या आठवड्यात ते जमिनीच्या बयाण्याला जाणार आहेत ना?"

"मी चेक काढा म्हटलं. द्या कुठे म्हटलं?"

चेक निघाले. साहेबांच्या सह्या झाल्या. वहीत लिहिलं गेलं की अमक्याचे इतके दिले, तमक्याचे इतके दिले. एकतीस मार्चला वही बंद झाली, तेव्हा कंपनीची देणी एकदम खाली आलेली दिसली. आणि चेक? ते पद्मजाबाईंच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये गेले. उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मला ठेवण्यात आलं. ज्याने बेरीज केली त्यालाच पेपरवेट केलं! काम असलं की मला वर काढायचं, झालं की पुन्हा त्या चेकांवर ठेवून द्यायचं.

चेक तीन महिने चालतो. जूनच्या शेवटी मुदत संपली की ते सगळे चेक रद्द करायचे, वहीत देणी पुन्हा उभी करायची, आणि ठेकेदाराने विचारलं तर सांगायचं, बघतो. असं दरवर्षी चालू झालं. विश्वजीतसाहेब याला 'फक्त प्रेझेंटेशन' म्हणत. पद्मजाबाई याला मार्चची आवराआवर म्हणत. दिवाळीआधी घर आवरावं तितक्या सहजपणे त्या हा शब्द वापरत, आणि तो ऐकून माझा जीव जळत असे. एप्रिलमध्ये मार्चचे आकडे कर्ज देणाऱ्यांकडे जात. त्यांनी नवं कर्ज मंजूर केलं की कचेरीत पेढे वाटले जात. माझ्या बटणांवर पेढ्याचे कण पडलेले आहेत. ते अजून निघालेले नाहीत.

माझी पद्मजाबाईंवरही तक्रार आहे, ती लपवणार नाही. त्या दरवर्षी एक तक्ता करत आणि एकतीस मार्चची देणी मागच्या एकतीस मार्चशी ताडून बघत. फार मन लावून बघत. मधल्या अकरा महिन्यांकडे त्यांनी कधी पाहिलंच नाही. हिशेबाच्या माणसांना एकतीस मार्च ही एकच तारीख खरी वाटते. माणसाचं वजन फक्त उपासाच्या दुसऱ्या दिवशी करायचं आणि तो बारीक आहे म्हणून खूश व्हायचं, त्यातली गत.

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला कासिमभाई आले. ते आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतात. वारज्यात त्यांचा स्वतःचा गाळा आहे, त्यात तीन माणसं कामाला आहेत. सोळा वर्षं त्यांनी आमच्या स्कीमना खिडक्या पुरवल्या. त्यांची तीन बिलं थकली होती. अठरा लाख चाळीस हजार. मीच केली होती ती बेरीज.

"ताई, एक विचारायचं होतं," खुर्चीच्या कडेवर बसत ते म्हणाले. "साहेब म्हणतात, रोख आत्ता जमणार नाही. त्याऐवजी खराडीला वन बीएचके देतो म्हणतात. बावन्न लाखांचा. माझे अठरा चाळीस त्यात धरणार. वरचे तेहतीस साठ मी भरायचे."

"तेवढे कुठून आणणार तुम्ही?"

"गाळ्याला गिऱ्हाईक आहे. देतो विकून. काम भाड्याच्या जागेत करू." "घरात हुस्नबानू म्हणाली, सही करायच्या आधी पद्मजाताईंना विचारा. त्या खोटं सांगायच्या नाहीत. म्हणून आलो. घेऊ का?"

मी टेबलावरच होतो. पद्मजाबाईंचा हात माझ्यावर होता. त्या म्हणाल्या, "हे साहेबांशीच बोला, कासिमभाई. मी काय सांगणार?"

कासिमभाई मान हलवून गेले. मला त्या दिवशी पद्मजाबाईंचा इतका राग आला की माझं आठाचं बटण दाबलं जाईना. गाळा हेच त्या माणसाचं सगळं होतं. तो गेला की तीन घरांच्या चुली कशावर पेटायच्या?

त्याच आठवड्यात कर्ज देणाऱ्या एका संस्थेचं पत्र आलं. खराडीसाठी साहेबांनी नवं कर्ज मागितलं होतं. संस्थेच्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं की पाच वर्षांची चालू देणी पाठवा, पण फक्त मार्चची नको, दर तीन महिन्यांची हवीत. पद्मजाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्यांनी एक मोठा कागद घेतला आणि मला पुढ्यात ओढलं.

त्या दुपारी माझ्याकडून पहिल्यांदा खरं काम करून घेतलं गेलं. मार्चचे आकडे अकरा, तेरा, चौदा, सोळा आणि त्या वर्षीचे पंधरा कोटी. किती छान, नाही? वाढ अगदी बेताची, आणि शेवटी तर चक्क घट. मग त्यांनी त्याखाली जूनचे आकडे मांडले. चौदा. अठरा. तेवीस. एकोणतीस. सप्टेंबर आणि डिसेंबरचे आकडेही तसेच चढलेले. दर मार्चला तेवढा खड्डा, आणि दर वर्षी तो आदल्या वर्षीपेक्षा खोल.

पद्मजाबाईंनी जूनची वाढ काढली. आधी चार, मग पाच, मग सहा. त्या वर्षी सात धरली तर जूनअखेर छत्तीस कोटी. मग त्यांनी डिसेंबरचे एकोणतीस आणि मार्चचे पंधरा समोरासमोर ठेवले आणि वजाबाकी केली. चौदा कोटी. हे चौदा कोटी तीन महिन्यांत गेले कुठे? त्यांनी ड्रॉवर उघडला. त्यात बेचाळीस चेक होते. एकेक चेक वाचत त्या माझ्यावर बेरीज करत गेल्या. नऊ कोटी. उरलेले पाच? ते खराडीच्या बुकिंगवाल्यांचे पैसे होते. घर तीन वर्षांनी द्यायचंय, मग ते चालू देणं कशाला, असं म्हणून साहेबांनी ते दुसऱ्या रकान्यात सरकवले होते. माणसं तीच, पैसे तेच, फक्त रकाना नवा.

शेवटी त्यांनी स्वतःलाच विचारलं, पुढच्या वर्षभरात हातात येण्यासारखं काय आहे? ओढूनताणून दहा कोटी. छत्तीस द्यायचे आणि दहा यायचे. खराडीला तोवर पायाचा खड्डा आणि एक मोठा फलक याखेरीज काही नव्हतं. कासिमभाईंचा गाळा त्या खड्ड्यात जाणार होता. सही केली की त्यांचं नाव ठेकेदारांच्या यादीतून निघणार, बुकिंगच्या यादीत जाणार आणि तिथून सरकून दूरच्या रकान्यात बसणार. म्हणजे पुढच्या मार्चला त्यांच्यासाठी चेकसुद्धा लिहावा लागणार नव्हता.

पद्मजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि मी याला आवराआवर म्हणत होते." मित्रांनो, तेवढ्यापुरता माझा त्यांच्यावरचा राग कमी झाला.

तो कागद घेऊन त्या केबिनमध्ये गेल्या. काचेच्या भिंतीला दार असून नसल्यासारखं असतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, हे कशाला केलंत? फक्त मार्चचे पाठवा. बाकीचे तयार नाहीत म्हणून कळवा."

"तयार आहेत, साहेब. हे काय."

"तुम्हाला कळत नाहीये. मार्केटमध्ये सगळे हेच करतात."

"कळतंय. उशिरा कळलं, एवढंच."

साहेबांनी कागद घडी घालून स्वतःच्या बॅगेत ठेवला. तो पुन्हा कोणालाही दिसला नाही.

सव्वीस जूनला कासिमभाई सही करायला आले. धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात गाळ्याची कागदपत्रं होती. साहेब अजून आले नव्हते. पद्मजाबाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि खालचा ड्रॉवर उघडला. मला बाजूला ठेवून त्यांनी गठ्ठ्यातून एक चेक काढला आणि टेबलावर ठेवला.

"कासिमभाई, हा तुमचा."

त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. "ताई, हा तर मार्चचा आहे."

"हो. आमच्या वहीप्रमाणे तुम्ही तीस मार्चला पैसे घेऊन गेलात. पूर्ण अठरा लाख चाळीस हजार."

"मी?" कासिमभाईंचा आवाज चढला. "अहो, मी एप्रिलभर चकरा मारल्या इथं! तुमच्याच दारात बसलो होतो, ताई! तुम्हीच मला चहा पाजलात!"

"हो," पद्मजाबाई म्हणाल्या. "आणि चेक माझ्या गुडघ्यापाशी होता. मला तुम्ही काय वाटेल ते बोला. पण नंतर बोला. तीस तारखेनंतर हा चेक चालणार नाही. खात्यात आज एक कोटीच्या वर शिल्लक आहे, उद्याचं मला माहीत नाही. आत्ता बँकेत जा. आणि गाळा विकू नका."

कासिमभाई उठले. दारापर्यंत गेले, परत आले, विसरलेली पिशवी घेतली आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. पैसे जमा झाले होते. गाळा वाचला होता. पद्मजाबाई फक्त "बरं झालं" म्हणाल्या आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला.

त्यानंतर तासाभराने साहेब केबिनमधून बाहेर आले. हातात मोबाइल होता, त्यावर बँकेचा संदेश.

"मॅडम, हा चेक कोणी दिला?"

"मी दिला."

"कोणाला विचारून?"

"चेकवर नाव होतं, साहेब. ज्याचं नाव होतं त्याला दिला. खाली सही तुमचीच आहे."

साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. पद्मजाबाईंनी आपली पाण्याची बाटली घेतली, डबा घेतला, खुर्चीवरची शाल घेतली. मला हातात घेतलं आणि पुन्हा ठेवलं. शेजारचा पोरगा म्हणाला, "घेऊन जा ना मॅडम, कोण विचारतंय?" त्या म्हणाल्या, "बिल कंपनीच्या नावावर आहे." तेवीस रुपयांचीही वस्तू असती तरी त्यांनी नेली नसती. मला मात्र तेव्हा वाटलं, न्यायला हवं होतं.

त्या गेल्या आणि मला पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकण्यात आलं. माझ्याखाली एकेचाळीस चेक होते. तीस जूनला नव्या हिशेबनिसाने ते सगळे बाहेर काढून प्रत्येकावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि 'रद्द' असं लिहिलं. फरशी बसवणारे, रंग देणारे, सळई पुरवणारे. एकेचाळीस माणसांचे पैसे एका दुपारी परत नाहीसे झाले. त्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं की ते तीन महिने तिथे होते. पद्मजाबाईंनी एकालाच का वाचवलं? सगळ्यांना पुरतील एवढे पैसे खात्यात नव्हते, हे मला माहीत आहे. मी बेरजा करतो, मला सगळं माहीत असतं. तरी माझा राग जात नाही.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. माझी धूळ पुसा, माझी बॅटरी बदला, असं मी म्हणणार नाही. पेढ्याचे कणही राहू द्या. तुम्ही मोठे व्हाल, घर घ्याल किंवा कोणाचं तरी काम कराल. तेव्हा कोणी तुम्हाला एका दिवसाचा गुळगुळीत आकडा दाखवला तर आधीच्या आणि नंतरच्या दिवसांचेही आकडे मागा. देत नसतील तर पैसे खिशातच ठेवा आणि उठा. लाजू नका. जो हिशेब दाखवायला लाजत नाही, त्याला कोणी विचारल्याचा त्रासही होत नाही.

आणि आणखी एक काम आहे, ते आजच करायचं आहे. यंदाच्या तीस मार्चला नवे चेक आले. सत्तावन्न आहेत. नव्या हिशेबनिसाने ते ड्रॉवरमध्ये रचले, त्यांवर मला ठेवलं आणि ड्रॉवर लोटला. उजेड जाण्याआधी सगळ्यात वरचं नाव मी वाचून घेतलं. दीपाली शेडगे, दोन लाख बारा हजार. ती कोण, कुठे राहते, आमच्या स्कीमवर तिने काय काम केलं, मला ठाऊक नाही. रंगाचं असेल, सफाईचं असेल. तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असेल तर कृपा करून सांगा, तिचा चेक लिहून झालेला आहे, सही झालेली आहे, आणि तीस जूनच्या आत तिने येऊन तो मागायचा आहे.